वेणीला हात लावायचा नाही

'अजून थोडं' हे दोन शब्द ऐकले की टोपीबाईंच्या कानशिलाची शीर उडायला लागायची. त्यांचे सर हे दोन शब्द लिमलेटच्या गोळीसारखे कायम गालात ठेवून असत. अँटेना तळहाताएवढी होती तेव्हा सर म्हणाले, अजून थोडी लहान करा. ती काडेपेटीएवढी झाली तेव्हाही तेच. आता ती अंगठ्याच्या नखाएवढी झाली होती, आणि सर ती चिमटीत धरून, चष्मा कपाळावर चढवून, उवा बघितल्यासारखी निरखत म्हणत होते, "छान झालीय. अजून थोडं होईल का?"

टोपीबाईंनी मनातल्या मनात जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. तोंडाने त्या म्हणाल्या, "बघते."

हे 'बघते' म्हणजे त्यांची जुनी खोड. घरी सासूबाई म्हणाल्या पंख्यावर धूळ साचलीय, की बघते. नवरा म्हणाला या रविवारी कुठेतरी जाऊ, की बघते. आणि मग सगळं बघता बघता स्वतःकडे बघायचं राहून जायचं, केस अर्धे पांढरे झालेत हे परवा दुकानाच्या काचेत दिसलं तेव्हा कळलं.

टोपीबाई हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. पार्लरमध्ये केस वाळवायला डोक्यावर उतरवतात ना, तशी दिसणारी एक कडक टोपी त्यांनी बनवली होती, म्हणून हे नाव. टोपीच्या आतल्या बाजूला सोळा छोट्या अँटेना. एकीने रेडिओची लाट सोडायची, बाकीच्या पंधरांनी कान देऊन ऐकायचं, मग दुसरीची पाळी. लाट डोक्यातून आरपार जाते. वाटेत जिथे असू नये तिथे रक्त साचलं असेल तर ती जरा वाकडी होऊन, जरा उशिरा पोचते. सोळा जणींची ही कुजबुज जमवून संगणक आतलं चित्र काढतो.

त्याचा उपयोग काय, असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, तेव्हा टोपीबाईंनी पोळपाट बाजूला सारून सांगितलं होतं. चालताबोलता माणूस एकदम अर्ध्या तोंडाने बोलायला लागतो, हात लुळा पडतो. मेंदूतली नस एक तर तुंबलेली असते, नाहीतर फुटलेली. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुंबलेल्याचं औषध फुटलेल्याला दिलं की माणूस गेलाच. ते सांगणारं मोठं यंत्र रुग्णालयात, त्याच्या दारात रांग, आणि माणूस अजून अँब्युलन्सच्या गाडीत. मग गाडीतच डोक्यावर टोपी घातली तर? सासूबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, चांगलं आहे, पण आधी पोळी उलट, करपली.

खरी अडचण लाटेची होती. आखूड लाट कवटीपाशीच दम तोडते. लांब लाट आत शिरते, पण लांब लाटेला अँटेना मोठी लागते, आणि तसल्या मोठ्या सोळा बसवायच्या तर डोकं हत्तीचं हवं. टोपीबाईंनी तांब्याची वाट घड्या घालघालून दुमडली, निऱ्या काढाव्यात तशी, आणि ती एका चिनीमातीच्या चिपेवर बसवली. एकेका घडीसाठी महिने गेले. सर मात्र जिथे जातील तिथे स्वतःचा अंगठा वर करून सांगत, "नखाएवढी!" नख सरांचं, घड्या बाईंच्या.

प्रयोगशाळेत खरं डोकं कोण देणार? म्हणून तिथे एक खोटं डोकं असे. साखर, मीठ, जिलेटिन आणि भांडी घासायचा साबण पाण्यात शिजवून टोपीबाई ते साच्यात ओतत, आणि आत कुठेतरी खारट जेलीची गोळी पुरून ठेवत, तो रक्तस्राव. या डोक्याला सगळे जावईबापू म्हणत. कारण त्यांना थंड जागा लागायची, दोन्ही हातांनी उचलावं लागायचं, कुणी विचारपूस केली नाही की कडेने सुकून रुसायचे, आणि काम शून्य.

जावईबापूंच्या मानेपाशी टोपीतून सोळा केबली बाहेर यायच्या. त्या एकत्र विणून बांधलेल्या होत्या आणि त्या जुडग्याला नाव पडलं होतं वेणी. सुरुवातीच्या काळात वेणीचे सांधे सैल होते. जरा धक्का लागला की चित्राचा शेणकाला व्हायचा. तेव्हापासून प्रयोगशाळेत एकच कायदा होता, आणि तो टोपीबाईंनी लाल अक्षरात भिंतीवर लावला होता. वेणीला हात लावायचा नाही. मोजमाप फक्त टोपीबाईच करत. सर सुद्धा वेणीपासून चार हात लांब उभे राहत.

रुग्णालयातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी टोपी ठेवून घ्यायला एकच अट घातली होती. ती चालवायची वॉर्डातल्या सिस्टरने. वॉर्डात जमलं तरच ती पुढे गाडीत जाणार, आणि गाडीत काही इंजिनिअर बसत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

ही सिस्टर रुंद हाडाची, बोलायला तिखट, आणि एका वेळी तीन कामं करणारी. तिने जावईबापूंना पेशंटसारखं उशीवर टेकवलं, टोपी घातली, कानामागे बोटं फिरवून नीट बसली का पाहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं. डाव्या बाजूला, जिथे गोळी पुरली होती तिथे, एक फिकट ठिपका. आणि मानेजवळ दुसरा, चांगला ठसठशीत.

डॉक्टरांनी दोन्ही ठिपक्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाले, "दोन दिसतायत. मी भोक कुठे पाडू?"

सर हसले. त्यांच्याखेरीज कुणी हसलं नाही.

टोपीबाईंनी सिस्टरला सरका जरा म्हटलं, टोपी काढून पुन्हा घातली, बटण दाबलं. एक ठिपका. डावीकडे. स्वच्छ. पुन्हा सिस्टर, पुन्हा दोन. पुन्हा टोपीबाई, पुन्हा एक.

"म्हणजे माझा हात लागला की माणसाला दोन रोग," सिस्टर म्हणाली. "बरंय. घरच्यांना सांगायला हवं."

डॉक्टर चिडले नाहीत, तेच वाईट होतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे यंत्र नाही. तुमचं पाळलेलं मांजर आहे. तुमच्याशिवाय कुणाच्या मांडीवर बसत नाही." मग त्यांनी एक महिना दिला. महिन्याने शेवटची परीक्षा. टोपी सिस्टर चालवणार आणि टोपीबाई दाराबाहेर उभ्या राहणार. चित्र बरोबर आलं तर टोपी वॉर्डात राहील. नाही आलं तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवतील, जागा मागणारे पुष्कळ होते.

त्यानंतरच्या दिवसांत टोपीबाईंनी जे हाल सोसले ते जावईबापूच जाणोत. आधी संशय जावईबापूंवरच गेला. नवं डोकं शिजवलं, जुनं फेकलं. मग टोपी आणि कातडी यांच्यामधल्या जेलीच्या गादीवर संशय. मग वॉर्डातल्या फ्रिजवर, सगळ्यांच्या मोबाइलवर, ट्यूबलाइटवर. शेवटी सिस्टरलाच प्रयोगशाळेत बोलावलं. ती बिचारी ड्यूटी संपवून, दोन बस बदलून आली. टोपीबाईंनी तिला घड्याळ काढायला लावलं, हात धुवायला लावले, मग चपला काढून आपल्याच चपला घालायला लावल्या आणि आपण उभ्या राहतो त्याच फरशीवर उभं केलं.

"आता काय, माझं डोकं काढून तुमचं बसवू?" सिस्टरने विचारलं.

तिने टोपी घातली. वेणी जावईबापूंच्या खांद्यावर लोंबत होती, म्हणून ती बाजूला करायला तिने हात पुढे केला, तर टोपीबाईंनी तो हात फटकन बाजूला केला आणि भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं. सिस्टरने ओठ आवळले आणि बटण दाबलं. दोन ठिपके.

टोपीबाईंनी करून दाखवलं. एक.

सिस्टर चपला बदलून निघून गेली. जाताना म्हणाली, चहा तरी विचारायचा असतो.

सरांनी मधल्या काळात आपल्यापुरता मार्ग काढला होता. मानेजवळचा ठिपका संगणकालाच पुसून टाकायला सांगायचा, ही त्यांची युक्ती. टोपीबाईंनी विचारलं की खरंच मानेजवळ फुटलं असेल तर काय करायचं. सर म्हणाले, तिथे क्वचितच फुटतं. त्यावर टोपीबाई बाहेर गेल्या आणि जिन्यात उभं राहून त्यांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली. परत आल्या तर सर म्हणाले, आणि पुढचं मॉडेल मुलांसाठी करायचंय, त्यात अँटेना अजून थोडी...

डॉक्टरांची आणखी एक तक्रार होती. बायकांचे केस. जावईबापू तुळतुळीत, पण जगात अंबाडा नावाची वस्तू आहे, त्यावर टोपी बसते का ते कुणी पाहिलं होतं? नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी टोपीबाई जुनी टोपी वेणीसकट पिशवीत घालून घरी घेऊन आल्या. यंत्राला जोडलेली नाही, लाट नाही, काही नाही, नुसतं बसतं का बघायचं.

सासूबाईंचा अंबाडा बेताचा पण घट्ट होता. त्या जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत ताठ बसल्या, फोटो काढायला बसावं तशा. "कुणी खिडकीतून बघितलं तर म्हणेल, सुनेने अखेर सासूला मशीन लावलं," असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला.

नवरा समोर जेवत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून आल्यावर त्याला घरात काहीही चाललं तरी चालायचं. बायकोचा चेहरा बघून तो म्हणाला की लिफ्टचं बरं असतं, अडकली की आतला माणूस ओरडतो. तुझ्या डोक्याची पंचाईत ही, की ते बिचारं ओरडतच नाही. टोपीबाई म्हणाल्या की ते ओरडत नाही म्हणूनच मी घरी येऊन ओरडते.

टोपी बसली. अंबाडा थोडा वर सरकवावा लागला. टोपीबाईंनी कानामागे बघितलं, कपाळाशी बघितलं, पट्टा आवळला आणि सवयीने उजव्या हाताचं बोट टेबलावर दाबलं, जणू तिथे बटण होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत टीव्हीवर काहीतरी लागलं, सासूबाईंनी तिकडे बघायला मान वळवली. मान वळेना.

"अगं, सोड की," सासूबाई म्हणाल्या. "केव्हाची शेपटी धरून उभी आहेस. मी काय पळून चाललेय?"

टोपीबाईंनी खाली बघितलं. त्यांच्या डाव्या हाताची मूठ वेणीवर होती. मानेच्या खाली, चार बोटांवर, घट्ट. ती तिथे कधी गेली, त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी मूठ सोडली. टोपी काढली. मग पुन्हा घातली, आणि या वेळी नजर स्वतःच्या हातावर ठेवली. कानामागे, कपाळ, पट्टा, आणि डावा हात आपला निघाला, गोठ्याकडे निघालेल्या गाईसारखा, कुणाला न विचारता, सरळ वेणीवर.

"परत एकदा, आई," टोपीबाई म्हणाल्या.

"आता मात्र मी खरंच पळते," सासूबाई म्हणाल्या. पण बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत टोपीबाईंनी जावईबापूंना बाहेर काढलं. वेणी धरून मोजलं, एक ठिपका. डावा हात पाठीमागे घेऊन मोजलं, दोन. वेणीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून मोजलं, दोन. मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत मिठाचं पाणी भरलं, ती पिशवी वेणीभोवती गुंडाळली आणि बटण दाबून स्वतः लांब कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक.

तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. डावाच.

त्यात कोडं असं काही उरलं नव्हतं. अँटेना इतकी लहान झाली होती की लाटेला पाय टेकायला तांबंच उरलं नव्हतं. मग ती लाट केबलीच्या बाहेरच्या अंगावर चढायची आणि वेणीवरून खाली पळत सुटायची. सोळा अँटेनांच्या जोडीला ही वेणीच सतरावी होऊन बसली होती. तीही बोलत होती, तीही ऐकत होती, आणि मानेजवळचा ठसठशीत ठिपका तिची बडबड होती. टोपीबाईंच्या हातात, म्हणजे कुणाच्याही हातात, पाणी आणि मीठ. तो हात वेणीवर पडला की सगळी बडबड गिळून टाकायचा. सैल सांध्यांच्या काळात वेणी हलू नये म्हणून ती धरून ठेवायची लागलेली सवय सांधे घट्ट झाल्यावरही सुटली नव्हती, आणि लाल अक्षरांमुळे दुसरा कुणी वेणीच्या जवळ फिरकला नव्हता. सरांनी देशोदेशी मिरवलेल्या सगळ्या सुंदर चित्रांमध्ये टोपीबाईंचा डावा हात होता, फक्त दिसत नव्हता.

नुसती चिडचिड झाली असती तर परवडलं असतं. पण चिडायचं कुणावर? सिस्टरचा हात त्यांनीच फटकारला होता. तिला तेव्हा वेणी धरू दिली असती तर त्याच संध्याकाळी सगळं कळलं असतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला. "मग अडलंय कुठे? सिस्टरलाही धरायला सांगा. सूचनांत एक ओळ टाकू. डाव्या हाताने वेणी धरावी."

टोपीबाईंनी तोंड उघडलं आणि जुना शब्द जिभेवर येऊन बसला. 'बघते' म्हटलं असतं तर काम झालं होतं. सिस्टरने वेणी धरली असती, परीक्षा पास झाली असती, अँटेना नखाएवढीच राहिली असती.

"नाही, सर," त्या म्हणाल्या.

सरांना ऐकू आलं नसावं, कारण ते लिहायला पेन शोधत होते.

"नाही म्हणाले मी. गाडी खड्ड्यातून चाललेली असते. सिस्टरचा एक हात सलाइनच्या बाटलीला, दुसऱ्याने पेशंटला पडू द्यायचं नाही. तिसरा हात कुठून आणायचा? आणि एखाद्या रात्री ती धरायला विसरली, की डॉक्टर भलत्या जागी भोक पाडणार."

"मग काय करायचं म्हणता?"

"मोठी करायची. अँटेनेला चारी बाजूंनी तांब्याचा काठ लावायचा, लाटेला उभं राहायला. आणि वेणीच्या प्रत्येक केबलीवर लाट शोषून घेणारी काळी बाही चढवायची."

"मोठी म्हणजे केवढी?"

"काडेपेटीएवढी."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी अंगठा वर केला, नखाकडे बघितलं आणि हळूच खाली घेतला. "मी सगळीकडे नख सांगितलंय हो," ते म्हणाले.

"आता काडेपेटी सांगा."

पुढचे दोन दिवस सर कडेने सुकलेल्या जावईबापूंसारखे वागले. टोपीबाईंनी लक्ष दिलं नाही. काडेपेट्या सोळा बसेनात, बाराच बसल्या. चित्र आधीपेक्षा थोडं धुरकट यायला लागलं, ते त्यांनी सोसलं. ज्या घड्यांसाठी महिने घातले होते त्यांतल्या निम्म्या उलगडून टाकताना मात्र त्यांच्या तोंडून असे काही शब्द निघाले की शेजारच्या खोलीतल्या माणसाने येऊन दार लावून घेतलं. भिंतीवरचा लाल कायदा त्यांनी स्वतः खरवडून काढला. रंगाखालचा चुनाही थोडा निघाला. मग त्यांनी सिस्टरला फोन केला, फटकारल्याबद्दल माफी मागितली, आणि चहाचं राहिलं होतं तेही कबूल केलं. सिस्टर म्हणाली, परीक्षेच्या दिवशी तुम्हीच पाजा, आमच्या कँटीनचा, मग कळेल शिक्षा काय असते.

परीक्षेच्या दिवशी गोळी कुठे पुरायची ते डॉक्टरांनी कुणाला न सांगता स्वतः ठरवलं. टोपीबाई आपला जेवणाचा डबा आत टेबलावर ठेवून दाराबाहेर. दाराला मधोमध काच होती, त्यातून सगळं दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून जास्त त्रास होत होता. सिस्टरने टोपी जरा तिरकी घातली. मग सरळ केली. वेणी जावईबापूंच्या पोटावर टाकली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती उचलून पलंगाच्या दांडीवरून पलीकडे सोडून दिली, ओला टॉवेल टाकावा तशी. टोपीबाईंनी दाराची मूठ धरली. डाव्या हाताने.

सिस्टरने बटण दाबलं आणि चित्र येईपर्यंत शेजारच्या पेशंटची चादर सारखी केली.

डॉक्टर पडद्यासमोर वाकले. मग त्यांनी सिस्टरला वेणी मुद्दाम हलवायला लावली, मुठीत धरायला लावली, सोडायला लावली, आणि दर वेळी पुन्हा बटण. शेवटी ते दाराकडे आले.

"उजवीकडे, कपाळाच्या मागे," ते म्हणाले. "एकच. तिथेच पुरली होती मी. धुरकट आहे, पण एकच आहे." आणि वळता वळता, "ठेवून जा."

सर आनंदाने पुढे झाले आणि डॉक्टरांना सांगायला लागले की आता ही काडेपेटीएवढी आहे, पण पुढच्या वर्षात अजून थोडी... टोपीबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना जिन्याकडे वळवलं.

मग सुरू झालं वाट बघणं. टोपी वॉर्डात, टोपीबाई प्रयोगशाळेत, रिकाम्या हाताने. फोन वाजला की त्यांना वाटायचं तिथलाच. पहिला पेशंट आला असेल, अडलं असेल, दोन ठिपके दिसले असतील. फोन कधी वायरवाल्याचा असायचा, कधी सरांचा. घरी त्या इतक्या उखडून बोलायला लागल्या, की सासूबाई मुलाला म्हणाल्या, हिला ते मशीन परत आणून दे, निदान हात तरी गुंतलेले असतात. आठवडा गेला तरी रुग्णालयातून कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी टोपीबाईंनीच फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर सिस्टरने उचलला. मागे कुणीतरी कण्हत होतं, ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती.

"बोला पटकन, माझे हात भरलेत."

"टोपी," टोपीबाई म्हणाल्या. "टोपीचं काय झालं?"

"कसलं काय?" सिस्टर म्हणाली. "घालतोय की. आता एक आजी आल्यात, त्यांनाच घातलीय. चालतंय. तुमचा डबा मात्र त्या दिवसापासून इथे पडलाय, वास मारतोय. तेवढा घेऊन जा."